गाडीचोरी आणि फौजदारी कायदा: ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, सविस्तर रिव्ह्यू देतेय

माझा जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा धंदा आहे, म्हणजे रोज कुणाची ना कुणाची गाडी, कागद, चाव्या माझ्या हातातून जातात, आणि या धंद्यात चोरीच्या गाडीचा कायदा माहीत नसेल तर एक दिवस फुकट अडकायला होतं. म्हणून हा रेकॉर्डेड लेक्चरवाला कोर्स घेतला. शिकवणारे सर आधी सरकारी वकील होते, भाषा मराठी, मध्येमध्ये कोर्टातले इंग्रजी शब्द पण ते लगेच सोपं करून सांगतात. आधीच सांगते, कोर्स घेण्यासारखा आहे. पण काही भाग फार घाईत उरकलेत आणि पीडीएफ नोट्सचं तर अपडेट करणं अगदी गरजेचं आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

सगळ्यात भारी लेक्चर म्हणजे हेतूवरचं. त्यात सर एकच प्रसंग घेतात आणि तो वेगवेगळ्या देशांत फिरवतात. प्रसंग साधाच, एका पोरानं ओळखीतल्याची गाडी चावी दिसली म्हणून न विचारता काढली, रात्रभर फिरवली, सकाळी होती तिथं आणून लावली. आता ही चोरी का? आपल्याला वाटतं की अहो परत आणली ना, मग कसली चोरी. इंग्लंडमध्ये खरंच तसं आहे, तिथल्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टप्रमाणे चोरी म्हणायला मालकाची वस्तू कायमची घालवायचा हेतू लागतो, आणि असं रात्रभर फिरवून परत आणणाऱ्यांसाठी त्याच कायद्यात कलम १२ वेगळं ठेवलंय, विनासंमती गाडी नेणे, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. कायमची न्यायचीच असेल तर मग चोरी, आणि तिथं सात वर्षांपर्यंत. म्हणजे गाडी तीच, रात्र तीच, चावी तीच, फरक फक्त मनात काय होतं एवढाच, आणि सहा महिने कुठं आणि सात वर्षं कुठं.

पण थांबा, त्याच पोरानं त्या रात्री गाडी बेफाम चालवली, कुणाला ठोकलं, किंवा गाडीचंच नुकसान झालं, तर तिथं १९९२ साली कलम १२ए घातलंय, त्यात दोन वर्षांपर्यंत आणि अपघातात कुणी गेलं तर चौदा वर्षांपर्यंत. यात सरांनी एक गोष्ट नीट समजावली की नुकसान त्यानं मुद्दाम केलं होतं का हे बघतच नाहीत, गाडी न विचारता नेली आणि ती त्याच्या ताब्यात असताना ठोकली गेली, मग जबाबदारी त्याची. मित्राची गाडी 'जरा चक्कर मारून आणतो' म्हणून नेणाऱ्या प्रत्येक पोराला हे ऐकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटलं, कारण घरच्यांना वाटतं पोरानं मस्ती केली, आणि फाइलवर मात्र गुन्हा लागलेला असतो.

मग भारत. इथं सर सांगतात की हाच प्रसंग भारतीय कायद्यात चोरी होऊ शकतो, कारण आपल्याकडं 'कायमची' हा शब्दच व्याख्येत नाही. बेइमानीचा हेतू, मालकाची संमती नाही, आणि वस्तू जागची हलवली, एवढं झालं की झालं. नुसती हलवली तरी पुरे! म्हणजे गाडी ढकलत गेटपर्यंत आणली आणि तेवढ्यात पकडला गेला तरी चोरी पूर्ण झाली, 'प्रयत्न' नाही. आणि बेइमानी म्हणजे कुणाला बेकायदा फायदा किंवा कुणाला बेकायदा तोटा, मग तो थोड्या वेळापुरता असला तरी चालतो. याला आधार काय तर सुप्रीम कोर्टाचा १९५७ चा के. एन. मेहरा खटला, आणि तो गाडीचा नाही, चक्क विमानाचा आहे. जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीतले दोन कॅडेट, १९५२ साली परवानगी नसताना हार्वर्ड विमान घेऊन उडाले आणि पाकिस्तानात जाऊन उतरले. बचाव असा की ट्रेनिंगमध्ये उड्डाण करायचंच होतं, चोरीचा विचार नव्हता. कोर्टानं म्हटलं की तात्पुरतं नेलं तरी चोरी होऊ शकते, बेइमानी होती का ते बघायचं, आणि चोरीचा दोष कायम राहिला. सरांनी हा खटला इतक्या सावकाश उलगडलाय, कुठला मुद्दा कुणी मांडला, कोर्टानं कुठला शब्द उचलला, की मी ते लेक्चर परत लावून ऐकलं. कायद्याचं काही माहीत नसलेल्या माणसालाही कळेल असं आहे.

शिक्षा किती, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शिवाय कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी नेणाऱ्या वाहनाच्या चोरीला सात वर्षांपर्यंत, हे पूर्वीच्या दंड संहितेत असं वेगळं नव्हतं. आणि याच्याच शेजारी मोटार वाहन कायद्याचं कलम १९७ आहे, जे लोकांना बहुतेक माहीतच नसतं, मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेऊन चालवली तर तीन महिन्यांपर्यंत किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातच लिहिलंय की मालकानं विचारलं असतं तर हो म्हटलं असतं असा त्याचा रास्त समज होता हे कोर्टाला पटलं तर त्याला दोषी धरायचं नाही. मित्रामित्रांत, चुलतभावांत जे होतं ते बऱ्याचदा इथं बसतं. चोरीच्या व्याख्येखाली जी उदाहरणं दिलीत त्यातही मित्राच्या घरातलं पुस्तक तो नसताना वाचायला नेल्याचं उदाहरण आहे, तो नाही म्हणणार नाही असं प्रामाणिकपणे वाटलं असेल तर चोरी नाही. आता पोलीस ३०३ लावतात की १९७, यावर त्या पोराचं पुढचं सगळं ठरतं, जामीन, नोकरीचं व्हेरिफिकेशन, पासपोर्ट. चोरीचा गुन्हा अजामीनपात्र आहे हे लक्षात घ्या. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलानं चाव्या कशा मिळाल्या, आधी कधी गाडी दिली होती का, मेसेज आहेत का, हे गोळा करायला हवं असं सर ठासून सांगतात, आणि हा सल्ला मला कोर्समधला सगळ्यात कामाचा वाटला.

जर्मनीचं पण थोडं आहे, तिथं मालकाला न विचारता गाडी वापरण्यासाठी कलम २४८ब वेगळं आहे, तीन वर्षांपर्यंत किंवा दंड, आणि खटला मालकानं तक्रार केली तरच. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, घरातल्या घरात मिटणारी गोष्ट घरात मिटू शकते.

जबरदस्तीचा भाग पटकन होतो आणि तो पटकनच व्हायला हवा, कारण त्यात गुंतागुंत कमी आहे. ड्रायव्हरला धमकावून, मारून गाडी हिसकावली की ती चोरी राहत नाही, जबरी चोरी होते, आपल्याकडं दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हायवेवर केली तर चौदा. अमेरिकेत फेडरल कायद्यात कारजॅकिंगला पंधरा वर्षांपर्यंत, गंभीर इजा झाली तर पंचवीस, आणि कुणी मेलं तर जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत. तो कायदा १९९२ चा. नुसती चोरीची गाडी चोरीची आहे हे माहीत असताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेली तरी तिथं दहा वर्षांपर्यंत, आणि हे कलम १९१९ च्या कायद्यातून आलंय, म्हणजे गाड्या रस्त्यावर नीट आल्या नाहीत तोवर चोर राज्याची हद्द ओलांडायला लागले होते.

आता माझ्या धंद्याचा विषय, चोरीचा माल घेणं. यावर दोन लेक्चर आहेत आणि दोन्ही एक नंबर. मला सगळ्यात धक्का बसला तो इंग्लंडच्या आकड्यांनी. चोराला सात वर्षांपर्यंत, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला, लपवणाऱ्याला, विकायला मदत करणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत! दुप्पट. कारण सर म्हणतात घेणारा आहे म्हणून चोरणारा आहे, गिऱ्हाईक नसेल तर रात्री दोन वाजता कुणी कशाला दुसऱ्याच्या गाडीखाली शिरेल. आपल्याकडं न्याय संहितेचं कलम ३१७, चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतला तर तीन वर्षांपर्यंत, आणि जो हाच धंदा करतो त्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. सगळी मेख त्या 'मानायला कारण असून' मध्ये आहे. मला माहीत नव्हतं साहेब, हे म्हणून सुटका होत नाही, कोर्ट विचारतं की तुझ्या जागी शहाण्या माणसाला संशय आला असता का.

आणि संशय कशावरून यायला हवा हे या लेक्चरमध्ये प्रत्यक्ष दाखवलंय. व्हीआयएन म्हणजे गाडीची ओळख सांगणारा सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात, तेव्हा त्यातलं एखादं अक्षर दिसलं की तिथंच थांबायचं. मग कॅमेरा जवळ नेऊन बॉडीवर पंच केलेला चासी नंबर दाखवलाय, कंपनीतून आलेली अक्षरं सगळी एका रेषेत, एका खोलीची, आणि शेजारी घासून परत ठोकलेला नंबर, त्यात एक आकडा खोल, एक उथळ, आजूबाजूचा पत्रा किंचित बसलेला, वर रंगाचा थर थोडा जाड. बोट फिरवलं तर कळतं. मी इतकी वर्षं हे काम करतेय, मला हे हाताला माहीत होतं पण कोर्टात हेच पुरावा म्हणून कसं उभं राहतं, तज्ज्ञ पत्र्यावर केमिकल लावून घासलेला मूळ नंबर कसा परत वर आणतात, हे पहिल्यांदा कळलं. नंबर बदलणं हा स्वतःच वेगळा गुन्हा आहे हेही लक्षात ठेवा, अमेरिकेत आणि कॅनडात त्याला पाच वर्षांपर्यंत. म्हणजे गाडी चोरणाऱ्यावर चोरी, नंबर ठोकणाऱ्यावर नंबरचा गुन्हा, खोटे कागद करणाऱ्यावर बनावटगिरी, विकणाऱ्यावर फसवणूक, आणि सगळे मिळून करत असतील तर कट. एका गाडीवर पाच-सहा कलमं लागलेली दिसतात ती उगाच नाही लागत.

एकच चावी देणारा, सर्व्हिस हिस्टरी नाही म्हणणारा, बाजारभावापेक्षा फार कमी सांगून 'आजच करू' म्हणणारा, आरसीवरच्या मालकाला फोनवर आणायला टाळाटाळ करणारा, अशा माणसाकडून गाडी घेतली आणि नंतर ती चोरीची निघाली तर हे सगळे मुद्दे घेणाऱ्याच्या विरोधात मांडले जातात. आणि अगदी प्रामाणिकपणे घेतली असेल तरी गुन्हा लागला नाही तरी गाडी जातेच, चोराकडं मालकी नव्हती तर तो तुम्हाला काय देणार. घरची पुंजी घालून पहिली गाडी घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे झालं की फार वाईट वाटतं, मी बघितलेत असे लोक, त्यांचा दोष काहीच नसतो.

संघटित टोळ्यांवरचं लेक्चर पण चांगलं. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये वाहनचोरी नाव घेऊन घातलीय, टोळी म्हणून सातत्यानं केलं तर किमान पाच वर्षं ते जन्मठेप आणि दंड पाच लाखांपेक्षा कमी नाही. पण एखाद्या पोरानं एकदा गाडी चोरली म्हणून हे कलम लागत नाही, आधीच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट आणि टोळी हे दाखवावं लागतं. कॅनडात गाडीचोरीला २०१० च्या सुधारणेनं स्वतंत्र कलमच आलं, दहा वर्षांपर्यंत, आणि गंभीर गुन्हा म्हणून खटला चालून तिसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सहा महिने जेल. २०२४ मध्ये त्यांनी अजून भर घातली, हिंसा करून चोरी केली तर चौदा वर्षांपर्यंत, आणि गाडी चोरायच्या हेतूनं इलेक्ट्रॉनिक डिव्हाइस बाळगलं तरी गुन्हा.

हे डिव्हाइस प्रकरण सरांनी बोर्डवर काढून समजावलंय. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीची चावी घरात खुंटीला असते, एक जण घराच्या भिंतीपाशी अँटेना धरून चावीचा सिग्नल उचलतो, दुसरा गाडीच्या दाराशी उभा, त्याच्याकडचं यंत्र तो सिग्नल गाडीला देतं, गाडीला वाटतं चावी जवळच आहे. काच फुटत नाही, आवाज होत नाही. फौजदारी अंगानं मुद्दा असा की पूर्वी स्क्रू ड्रायव्हर, वायर सापडली की चोरीचं सामान बाळगल्याचा गुन्हा लावायचे, इंग्लंडमध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत, पण हे यंत्र दिसायला साध्या डब्यासारखं, ते चोरीसाठीच होतं हे सिद्ध करणं अवघड, म्हणून वेगळे कायदे करावे लागतायत.

भाड्यानं नेलेली गाडी परत न करणं, ड्रायव्हरनं मालकाची गाडी पळवणं, यावर एक छोटं लेक्चर आहे, अजून मोठं चाललं असतं. विश्वासानं सोपवलेली वस्तू गिळंकृत केली तर विश्वासघात, आपल्याकडं पाच वर्षांपर्यंत, नोकरानं केला तर सात. सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन ती तिसऱ्याकडं गहाण टाकणारे खूप झालेत, आणि गाडीमालक पोलिसात गेला की 'तुम्हीच दिली होती ना' असं ऐकायला मिळतं. चावी स्वतः दिली म्हणून गुन्हा नाही असं नसतं, कलम बदलतं इतकंच. हे वाक्य सरांनी मोठ्यांदा म्हटलंय आणि बरं केलं.

आता तक्रारी. पीडीएफमध्ये अजून ठिकठिकाणी ३७९, ४११ अशी दंड संहितेची जुनी कलमं आहेत, व्हिडिओत नवी. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली आणि त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, त्यामुळं दोन्ही नंबर माहीत हवेत हे खरं, पण मग शेजारी शेजारी द्या ना, विद्यार्थ्यानं व्हिडिओ थांबवून थांबवून जुळवत बसायचं हे बरोबर नाही.

दुसरं, अठरा वर्षांखालच्या मुलांचा भाग पाच मिनिटांत संपवलाय. गाडी न विचारता नेण्यात वयात न आलेली मुलं किती असतात! त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, साध्या कोर्टात नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या १९९ए मध्ये पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद आहे, फक्त हे आपल्याला न कळता घडलं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती हे पालकानं दाखवलं तर सुटका. यावर आईबापांना शंभर प्रश्न असतात, इथं पूर्ण लेक्चर हवं होतं.

तिसरं, ज्याची गाडी गेली त्याच्यासाठी कोर्समध्ये जवळजवळ काही नाही. गाडी सापडली की ती पोलीस स्टेशनच्या आवारात पावसापाण्यात सडत पडते, टायर जातात, बॅटरी जाते, वायरिंग उंदीर खातात. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितलंय की फोटो, पंचनामा करा, बाँड घ्या आणि गाडी मालकाला लवकर द्या, उगाच ठेवून घेऊ नका. हा निकाल सरांनी फक्त नावापुरता घेतला, अर्ज कसा करायचा, सोबत काय जोडायचं, काही नाही. तसंच इन्शुरन्स. २०२० च्या गुरशिंदर सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की एफआयआर लगेच दिली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही. हे कळलं असतं तर कितीतरी लोक क्लेम नाकारल्याचं पत्र वाचून गप्प बसले नसते. लाइव्ह सेशनमध्ये मी हेच विचारलं, सरांनी छान उत्तर दिलं, पण ते सेशन रेकॉर्डिंगमध्ये नाहीये, मग नंतर घेणाऱ्यांना काय उपयोग.

आवाज मधल्या काही व्हिडिओत बारीक येतो, हेडफोन लावा. पाचपैकी चार स्टार देतेय. जुन्या गाड्यांच्या धंद्यातल्यांनी, पार्किंग आणि गॅरेज चालवणाऱ्यांनी आणि नव्यानं वकिली सुरू करणाऱ्यांनी जरूर घ्यावा, पण ज्यांची स्वतःची गाडी चोरीला गेलीय त्यांनी सध्या यात पैसे घालू नयेत, आधी एफआयआर द्या, त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, दोन्ही चाव्या आणि एफआयआरची कॉपी सांभाळून ठेवा. मालकांसाठीचा भाग कोर्सवाल्यांनी वाढवला की मी हा रिव्ह्यू बदलेन.